जागं कोण बसलंय?

आई,

कोपरच्या खोलीची चावी आज ऑफिसात परत द्यायची होती. मी दिली नाही. पर्समध्ये टाकून तशीच घरी आले आणि आता ताटावर ताट झाकून तुला लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी जेव गो, मंग काय ती कटकट कर." जेवते नंतर. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही बिघडलं की माझा पहिला राग अजून तुझ्यावरच निघतो. बाकीच्यांवर काढला तर ते उलटं बोलतात.

माझं आत्ताचं काम तुला माहीत नाही. तू होतीस तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात खिडकीमागे बसून फी घ्यायचे. ते सोडलं आणि एका संस्थेत लागले. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना रात्रनिवाऱ्यात यायला पटवायचं, त्यांचे कागद करायचे, सही शिकवायची, झेपेल ते काम बघून द्यायचं आणि शेवटी कुठल्यातरी चाळीत खोली भाड्याने घेऊन द्यायची. वर्षभर भाडं संस्था भरते, पुढे ज्याचं त्याने. ऑफिस आमचं नौपाड्यात, माणसं कल्याणच्या फूटपाथवर आणि खोल्या कोपरला, कारण तिथे अजून परवडतात. तुला सांगितलं असतं तर कंबरेवर हात ठेवून हसली असतीस, "लोकांना खोल्या द्याचा धंदा मी पन केला, मना कोनी पगार नाय दिला!" खरंय. भातशेती संपली, मिठागर त्याच्या आधीच गेलेलं आणि बाबांनी उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या काढल्या. बाळकुम गावात तेव्हा आपल्यासारख्या सगळ्यांनीच काढल्या. पण तुझ्यासारखा फाजील नियम कोणाच्या घरात नव्हता.

नवीन भाडेकरू एकटा आला, त्यातून बाई असली, की त्या दिवशी तिची चूल पेटू द्यायची नाहीस. भाकरी, सुकटीचं कालवण आपल्याकडून जायचं. इथपर्यंत ठीक. पण मग आपल्यातलं कोणीतरी चटई घेऊन तिच्या खोलीत झोपायला जायचं. आणि नुसतं झोपायला नाही, तर ती झोपेपर्यंत जागं राहायला. कोणीतरी म्हणजे अर्थातच मी, कारण दादा मुलगा पडला. ती नर्सबाई आठवते का गं? कोकणातून आलेली, एक ट्रंक आणि एक वळकटी. मी तिच्या खोलीत गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. मला काय करावं कळेना, तशीच चटई गुंडाळून परत आले. तू मोरीत राखेने टोप घासत होतीस. मी म्हटलं, ती रडतेय. तू मान वर न करता म्हणालीस, "ररते म्हनून तर तुना पाठवला." मी म्हटलं, मग मी तिथे बसून करू काय? "काय पन करू नको. जागी ऱ्हा. नव्या घरान मानसाला झोप कवा येते? कोनतरी जागा हाय ह्ये कलला म्हंजे." आणि राखेच्या हाताने माझ्या पाठीत एक दणका घालून मला परत पाठवलंस. फ्रॉकवर पाच बोटं उमटलेली, ती घेऊन मी नर्सबाईकडे पाठ करून चटई पसरली. ती रडता रडता हसली आणि झोपली.

आता ज्यांच्यापायी ही चावी माझ्याकडे राहिली, त्या दोघींचं सांगते. नावं लिहीत नाही, आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो. बहिणी नव्हत्या, गाव एक नव्हतं, जात तर विचारूच नकोस. थोरली सोलापूरकडची, नवऱ्याने टाकलेली, तोंडाने माझ्यासारखीच फटकळ. धाकटी कुठली ते तिलाच धड सांगता यायचं नाही, तिची भाषा म्हणजे हिंदी, कानडी, मराठी सगळ्याची खिचडी. कल्याणला भाजीबाजाराच्या मागे एक कायमचं बंद पडलेलं दुकान आहे, त्याच्या पायरीवर दोघी वर्षानुवर्षं राहायच्या. लिंबू-मिरची ओवायच्या आणि शनिवारी दुकानांना विकायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भर सकाळी थोरली गाढ झोपलेली आणि धाकटी तिच्या पायावर हात ठेवून बसलेली. मला वाटलं आजारी आहे. तर धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. मग कळलं की त्यांची पद्धतच ती. एक झोपणार, एक बसणार, आणि बसणारीचा हात झोपणारीच्या पायावर. कोणी दारुडा आला, पोलीस आला, की पाय दाबायचा. पहाटे भाजीचे टेम्पो मागे घेतात तिथे, अगदी पायरीपर्यंत. जी जागी असेल ती शटरवर धाडधाड हात मारायची, म्हणजे ड्रायव्हरला कळायचं की इथे माणूस आहे.

किती विनवण्या केल्यावर दोघी निवाऱ्यात आल्या, तर तिथेही तेच. कॉटवर एक झोपलेली, एक पायथ्याशी बसलेली. बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या. आमची केअरटेकर वैतागून म्हणाली, "अहो, इथे कॅमेरा आहे, तुम्ही कशाला जागताय?" थोरली म्हणाली, "त्यो बघतोय, खरं हाय. पर हाक मारतोय का?" आम्ही सगळे हसलो. मीही हसले, आणि घरी येऊन मला तुझी आठवण झाली. आपली चाळ पाडून टॉवर झाला, अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, सगळं गाव म्हणालं नशीब काढलं म्हातारीने. आणि तू मात्र दाराशी खुर्ची टाकून बसायचीस. झोप का नाही, विचारलं तर म्हणायचीस, "हितं जागा कोन हाय?" मी म्हणायचे, खाली वॉचमन आहे ना. "त्याला मी कंय वलखते?" मी डॉक्टरकडून गोळ्या आणून दिल्या तुला. तू त्या कुंडीत पुरल्यास, तुळस वाळली तेव्हा मला सापडल्या.

असो. कागदांचं सांगत होते. थोरलीचं आधार झालं. धाकटीचं होईना. इतकी वर्षं लिंबू-मिरची हाताळून बोटांची सालटी निघालेली, मशीनवर ठसेच उमटेनात. डोळ्यांचं घ्यावं तर दोन्हीत मोतीबिंदू. माणूस समोर बसलंय, बोलतंय, चहा पितंय, आणि मशीन म्हणतंय नाही. आमचे सर वाईट नाहीत गं, उन्हातान्हात माझ्यापेक्षा जास्त फिरतात. पण त्यांचंही एक ठरलेलं वाक्य आहे: एकाचं तर एकाचं, होऊ दे. ऑफिसात आम्ही सगळे हेच बोलतो, मीसुद्धा. दहा माणसांना हात घालून एकही न निघण्यापेक्षा एक तरी वर काढा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! तर थोरलीच्या नावाने कोपरला खोली घेतली. मालकीणबाई स्पष्ट म्हणाली, "एक बाई म्हणून देते. दुसरीचा कागद नाही ना, मग मला पोलिसांचं लफडं नको." तिचंही काय चुकलं? आम्ही खोलीत गॅस ठेवला, दाराला तोरण लावलं, फोटो काढला. फोटोत थोरली दाराबाहेर बघतेय. मी तिला तीनदा सांगितलं, मावशी, इकडे बघा.

पहिल्या रात्री तिच्यापाशी कोणी राहिलं नाही. मला सुचलंच नाही गं. चटई, सुकटीचं कालवण, काहीच नाही. पेढे वाटले आणि निघालो सगळे. दुसऱ्या दिवशी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी तेच. म्हणाली, "ताई, पडून बघितलं. डोळं मिटलं की वाटतंय, आता माजी बसायची बारी. मग उठून बसते. बसलं की वाटतंय, कुणासाटनं बसलोय?" तिकडे धाकटी निवाऱ्यात एकटी राहीना, परत पायरीवर जाऊन बसली. मग थोरलीने आपला मार्ग काढला. दिवसा खोलीत यायची, दोघींचा स्वयंपाक करायची आणि दिवेलागणीला डबा घेऊन कल्याणला पायरीवर. तिथे झोपायची. शेजारणी कुजबुजायला लागल्या, ही बाई रात्री जाते कुठे? मालकीणबाईचा मला फोन. माझा सरांना. खोलीला पैसे देणारे लोक बघायला येणार होते. सर म्हणाले, तेवढे दिवस तरी तिला खोलीत राहू दे, नाहीतर खोली हातची जाईल. मी ते थोरलीला सांगितलं. सांगितलं म्हणजे जरा चढ्या आवाजातच. तिने एवढंच विचारलं, "पर ती झोपंल कशी?" मी म्हटलं, झोपेल हो, लहान आहे का ती? निवाऱ्यात सोडते मी तिला. आणि सोडलं. सोडून मी वळले असेन नसेन, ती तिथून निघून पायरीवर गेली.

किती दिवस माणूस जागं राहील? झोपली ती. पहाटे टेम्पो मागे आला, शटर वाजलं नाही.

थोरलीला सांगायला मी गेले. ती खोलीत मिरच्या ओवत बसलेली. मी सांगितलं. हातातली सुई तिने गादीत खोचून ठेवली, हरवू नये म्हणून. विचारलं, "झोपेत का?" मी म्हटलं, हो. "मंग झोपली म्हणायची." बस, एवढंच. मला वाटलं, रड, मला शिव्या घाल, चार थोबाडीत मार, पण हे काय बोलणं! दवाखान्यात प्रेत मिळेना. खिडकीमागचा माणूस विचारत होता, "नातं काय? मयताशी तुमचं नातं काय?" मी पुढे होऊन सांगायला लागले तर मला म्हणाला, तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या. थोरली म्हणाली, "आमी आलटून पालटून झोपायचो." त्या माणसाने पेन खाली ठेवलं. वाईट त्यालाही वाटलं असेल, पण असं नातं त्याच्याकडे लिहिता येत नव्हतं. बेवारस म्हणून पोलिसांचे सोपस्कार झाले, मग आमच्या संस्थेने उरकलं. त्याआधी थोरलीला शवागारात जाऊ दिलं, एवढी मेहेरबानी. तिने धाकटीच्या पायावर हात ठेवला आणि दाबला, दोन-तीनदा.

तेव्हापासून ती पायरीवरच. खोलीला कुलूप. ऑफिसात ठरलं की खोली पुढच्या कुटुंबाला द्यायची. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं, सगळ्यांचे कागद व्यवस्थित, निवाऱ्यात थांबलीत. त्यांना नको म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. तर आज सकाळी मी कल्याणला गेले आणि थोरलीला म्हटलं, चला, खोलीतलं सामान काढून घेऊ, चावी द्यायचीय. ती मुकाट्याने रिक्षात बसली. चेहरा काळवंडलेला, पापण्या सुजलेल्या, बोलताना जीभ अडखळत होती. पायरीवरही ती झोपत नव्हती. झोपणार कशी? खोली उघडली तर कोपऱ्यात लिंबं सुकून काळी पडलेली. ती गादीवर बसली आणि उठेचना. मी म्हटलं, जरा आडव्या व्हा. "नगं." अहो, पडा थोडं. "नगं म्हणते न्हवं!" मी भुकेली, घामाघूम, वर ऑफिसचे फोन चाललेले. अशी चिडले ना मी! ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते तुझं. "तुम्ही झोपा मावशी. मी जागी बसते."

तिने माझ्याकडे कितीतरी वेळ बघितलं. दुकानदार नोट उलटीपालटी करून बघतो ना, तसं. "कवापतूर?" म्हटलं, तुम्ही उठेपर्यंत. "पायावर हात ठिवा. त्याबिगर कळत न्हाय." मी ठेवला. भेगाळलेला, खडबडीत पाय गं, कोळशासारखा गरम. एकदा तिने डोळे उघडून पाहिलं, मी आहे की नाही. मग झोपली ती. अशी झोपली की घोरण्याने पत्रा हलेल. मालकीणबाई दारात आली, "काय, सामान भरलं का?" मी ओठांवर बोट ठेवलं. ती तिथेच थबकली. गेली आणि शेजारच्या पोरांना हाकलून आली, त्यांचा क्रिकेटचा धुडगूस चाललेला. दुपारच्याला मला चहा आणून दिला आणि उंबऱ्यावर टेकून हळू आवाजात म्हणाली, "आज तुम्ही बसलात. उद्या?" माझ्या पायाला मुंग्या आल्या, सरांचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. एका हाताने चहा प्यायले.

उठली तेव्हा उन्हं उतरलेली. आधी तिने माझा हात बघितला, तिथेच होता. "उटला न्हाईत?" नाही म्हटलं. ती उठून बसली, पदराने तोंड पुसलं आणि मग रडली. इतक्या दिवसांनी, मोठ्याने, धाकटीचं नाव घेऊन. मालकीणबाई धावत आली. आम्ही दोघी तिच्याजवळ बसून राहिलो. शांत झाल्यावर थोरली म्हणाली, "जावा तुमी आता घरला. आज राती मी हाय हितं, जागीच असणार. झोप झाली माजी." मी चावी उचलली, कारण उचलायचीच होती. पण तिला बाहेर काढून कुलूप लावता आलं नाही आणि चावी तिथे ठेवताही आली नाही, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. दार आतून कडीने लागतं. उद्या सरांना काय सांगायचं ते उद्या बघू. दुपारी परत जाईन एवढं नक्की. परवाचं, तेरवाचं मला माहीत नाही. आणि त्या दोन मुलांचं तर मी आज मनातही आणत नाही.

निघताना तिने हाक मारली. "ताई, तुमी झोपता तवा कोण बसतंय?" काय सांगू तिला? इथे मी एकटी, अकरावा मजला, तिन्ही कड्या लावून, टीव्ही चालू ठेवून झोपते ते? म्हटलं, "आई आहे ना घरी." चटकन निघून गेलं तोंडातून. तिला एवढं बरं वाटलं! म्हणाली, "मंग एक दिस त्यास्नी हितं धाडा की. म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच असती." मी म्हटलं, सांगते आईला.

सांगते म्हटलं म्हणून हे लिहिलं. पाठवू कुठे? आणि तुला वाचायला कुठे येत होतं, निवाऱ्यातल्या बायकांना सही शिकवते मी, तुला कधी शिकवली नाही. ठेवते कपाटात, तुझ्या लुगड्याखाली. आमटी गार झाली असेल. आणखी एक आहे, हसू नकोस. मघाशी घरी आले, आपल्या दाराची चावी हातातच होती, आणि मी बेल वाजवून उभी राहिले.